रीमॅपआधी गिअरबॉक्स बघा: वाढीव ताकद मॅन्युअल गिअरबॉक्सला कितपत झेपते आणि कामाचा क्रम काय

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवणं. रीमॅप केलेली गाडी दोन-चार महिन्यांनी आमच्या कणकवलीच्या गॅरेजात येते. एकतर ती टोचन लावून येते, नाहीतर ‘पाचव्यात इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे जात नाही’ ही तक्रार घेऊन. गेल्या पावसाळ्यात एक जण म्हणाले, “गाडी बरी पळता, पण तिसरो गिअर पडना नाय.” मग मालकाचा निष्कर्ष ठरलेला, की कंपनीचा गिअरबॉक्सच कच्चा.

बहुतेक वेळा तो कच्चा नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी रीमॅप होतो. मग क्लच घसरायला लागला म्हणून जड क्लच बसतो. जड क्लचचे झटके गिअरबॉक्स खातो, आणि गिअर खरखरायला लागले की गिअर ऑइलची आठवण होते. हे सगळं बरोबर उलट्या क्रमाने करायचं असतं.

खालचं सगळं टर्बो डिझेल आणि टर्बो पेट्रोल गाड्यांसाठी आहे. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत रीमॅपने टॉर्क इतका थोडा वाढतो की गिअरबॉक्सची काळजी करायचं कारण नाही. खरं तर रीमॅप करायचंही कारण नाही.

## १. आधी बरोबर आकडा धरा: पीएस नव्हे, टॉर्क

गिअरबॉक्सला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला पीळ कळतो. पीळ म्हणजे टॉर्क, आणि तो मोजायचा न्यूटन मीटरमध्ये. टॉर्कला आरपीएमने (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गुणून ७०२३ ने भागलं की पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) मिळतात.

विटारा ब्रेझाचं जुनं १.३ लिटर डिझेल घ्या. कागदावर ९० पीएस ४००० आरपीएमला आणि २०० एनएम १७५० आरपीएमला. आता गणित करा. १७५० ला ते इंजिन जेमतेम ५० पीएस देतं, पण गिअरबॉक्सवर पीळ पूर्ण २०० एनएमचा. ४००० ला ९० पीएस देताना पीळ सुमारे १५८ एनएम. म्हणजे इंजिन ‘कमी ताकदीत’ असतानाच गिअरबॉक्स जास्त सोसत असतो. घाटात पाचव्यात रेटणारा ड्रायव्हर ‘मी कुठे गाडी पळवतो’ म्हणतो, तेव्हा तो नेमका याच जागी असतो.

डिझेलच्या रीमॅपमध्ये वाढ होते ती याच खालच्या आरपीएमला. ‘वीस पीएस वाढले’ या बातमीचा गिअरबॉक्सला उपयोग नाही. टॉर्क किती वाढला आणि कितव्या आरपीएमला, हे विचारा.

वाढीव पिळाने दाते पटकन तुटत नाहीत, आयुष्य कमी होतं. तिरक्या दातांचे गिअर भाराखाली एकमेकांना ढकलतात, शाफ्ट किंचित वाकतात, दात पूर्ण रुंदीवर न टेकता कडेवर टेकतो. बेअरिंगचा हिशोब तर आणखी कडक आहे. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात जातं, म्हणजे भार २५ टक्के वाढला की गणिती आयुष्य जवळपास निम्मं. त्यामुळे ‘माझ्या मित्राची गाडी वर्षभर चालतेय’ हा पुरावा नव्हे. वर्षभर चालणारच.

## २. तुमच्या गिअरबॉक्सची हद्द शोधा

कंपनी हा आकडा जाहिरातीत देत नाही, पण तिच्याच माहितीपत्रकात तो अर्धा सांगितलेला असतो. एकाच इंजिनाचा मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क शेजारी ठेवून बघा:

- फॉर्च्युनर २.८ डिझेल: मॅन्युअल ४२० एनएम, ऑटोमॅटिक ५००
- इनोव्हा क्रिस्टा २.४ डिझेल: ३४३ आणि ३६०
- एक्सयूव्ही ७०० डिझेल, १८५ पीएस: ४२० आणि ४५०
- स्कॉर्पिओ-एन डिझेल, १७५ पीएस: ३७० आणि ४००
- थार पेट्रोल, २०२० नंतरची: ३०० आणि ३२०

इंजिन तेच, पण मॅन्युअलला कंपनीने हात आखडता घेतलाय. कारण एकटा गिअरबॉक्स नाही, क्लचही आहे आणि क्लच सोडताना बसणारा झटकाही आहे. ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर तो झटका पिऊन टाकतो. म्हणून ‘ऑटोमॅटिकला ५०० चालतात तर माझ्या मॅन्युअललाही चालतील’ हा विचार उलटा आहे. ऑटोमॅटिकचा तो आकडा तुमच्यासाठी कुंपण समजा.

फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांचं काम सोपं. त्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या नावातच क्षमता असते. एमक्यू २०० म्हणजे २०० एनएमच्या आसपास, एमक्यू २५० म्हणजे २५०. १.० टीएसआयचा मूळ टॉर्क १७५-१७८ एनएम. एमक्यू २०० असेल तर शिल्लक किती, हे बोटांवर मोजता येतं.

बाकीच्यांनी स्पेअर पार्ट कॅटलॉग उघडायचा. तुमच्या गिअरबॉक्सचा पार्ट नंबर कंपनीच्या दुसऱ्या, जास्त टॉर्कच्या मॅन्युअल गाडीत सापडतो का बघा. सापडला तर त्या गाडीचा टॉर्क ही तुमची सुरक्षित हद्द. नाही सापडला, तर माझा स्वतःचा नियम मूळ टॉर्कच्या वर १० ते १५ टक्के, त्यापुढे नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, उघडलेल्या गिअरबॉक्सांवरून बसलेला आहे.

सावधान: पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. बाहेरची केस एकच आणि आत क्राउन-पिनियन (चाकांकडे पीळ नेणारी शेवटची गिअर-जोडी) वेगळं, असं सर्रास असतं.

## ३. आहे त्या गिअरबॉक्सची तब्येत बघा

इथे घाई करू नका. थकलेल्या गिअरबॉक्सला हद्दीतला टॉर्कही झेपत नाही. या चाचण्यांना खर्च शून्य, वेळ तासभर.

उभ्या गाडीवर. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला. घरघर येतेय आणि क्लच दाबला की थांबते? मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलंय. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येतो? तर रिलीज बेअरिंग.

रिव्हर्सची परीक्षा. क्लच तळापर्यंत दाबून दहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरी खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, दोष गिअरबॉक्सचा नाही. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे क्लचचं जुनं हायड्रॉलिक तेल. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. दर दोन वर्षांनी बदला.

चालत्या गाडीवर. प्रत्येक गिअरमध्ये एकदा ॲक्सिलरेटर दाबा आणि एकदम सोडा. सोडताना गिअर उडून न्यूट्रल होतो का? एखाद्याच गिअरमध्ये गाडी ‘गाते’ का? चालत्या गाडीत दुसरा किंवा तिसरा खाली टाकताना खरखर होते, पण रिव्हर्स शांत पडतो, तर सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलीय.

क्लच घसरतो का. घाट लागण्याआधीचा एखादा मोकळा, सरळ चढ निवडा. चौथा गिअर, ५० च्या आसपास वेग, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा आणि वेग बरोबरीने चढले पाहिजेत. काटा पुढे पळाला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. एकदा, फार तर दोनदा करा. ही चाचणीच क्लच जाळते.

इथे थांबा: वरच्या कुठल्याही चाचणीत गाडी नापास झाली तर आधी दुरुस्ती. ‘रीमॅपबरोबरच करून घेऊ’ म्हणू नका, नंतर कुठला आवाज कशामुळे आला ते कळत नाही.

## ४. ऑइल काढा, आणि काढलेलं ऑइल वाचा

गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणा, सपाटीवर उभी करा. आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. हे वाक्य मी प्रत्येक पोराला सांगतो, कारण मी स्वतः एकदा उलटं केलंय. किनाऱ्यालगतची गाडी, सगळं ऑइल ट्रेमध्ये उतरलं, आणि वरचा बोल्ट खाऱ्या हवेने असा धरलेला की डोकं गोल झालं तरी हलेना. रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी दोन दिवस रॅम्पवर.

ऑइल स्वच्छ स्टीलच्या ट्रेमध्ये घ्या आणि ट्रे उन्हात न्या. ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही. ट्रे हळूच कलता करा. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, काजळासारखा मऊ लेप असतो, तो बोटांत चोळा. चोळून गुळगुळीत लागला तर झीज नेहमीची. बोटाला टोचणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा कपचा निघाला तर रीमॅपचा विषय तिथेच संपला. ऑइलमध्ये सोनेरी चमक तरंगताना दिसली तर ती पितळी सिंक्रो रिंगची पूड आहे. थोडी असते. पण ट्रे हलवल्यावर गणपतीच्या मखरासारखा झगमगाट झाला तर रिंगा शेवटच्या घटका मोजतायत.

रंग दुधाळ असेल तर आत पाणी. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर इंजिन ऑइल बदललेल्या, पण गिअरबॉक्सकडे कुणी न बघितलेल्या गाड्या मी पाहिल्यात. पूर नसला तरी पाणी जातं. घाट चढून तापलेला गिअरबॉक्स पाणी भरलेल्या मोरीत उतरला की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवा खेळायच्या तोंडातून) पाणी खेचून घेते. ब्रीदरची टोपी मातीने बुजली असेल तर तेच पाणी सीलमधून येतं. टोपी साफ करा. बोनेटपर्यंत रबरी नळी वाढवता येत असेल तर तेवढं करून घ्याच.

भरायचं कुठलं? गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं. इथे सर्वांत जास्त चुका होतात. ‘जास्त ताकद, म्हणून जास्त जाड ऑइल’ म्हणत जीएल-४ च्या जागी जीएल-५ (हे गिअर ऑइलचे प्रकार) ओतलं जातं. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठी गंधक-फॉस्फरसचं मिश्रण जास्त असतं. ते क्राउन-पिनियनला चांगलं, पण पितळी रिंगांना बाधू शकतं, आणि रिंगेला जी पकड लागते तीही कमी होते. मग गिअर खरखरतात आणि बोल रीमॅपला लागतो. काही गिअरबॉक्सना कंपनीच जीएल-५ सांगते, काहींना पातळ ७५डब्ल्यू-८० लागतं. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. ग्रेड तोच ठेवून मिनरलऐवजी सिंथेटिक घ्या. उन्हाळ्यात करूळ किंवा फोंडा घाट भरून चढणाऱ्या गाडीत फरक पडतो.

तपासा: भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला ऑइल टेकलं की बस. गाडी तिरकी उभी असेल तर ही लेव्हल खोटी.

## ५. माउंटिंग आणि टायर

थोडक्यात. इंजिन-गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग फाटली असली की टॉर्कचा प्रत्येक धक्का दुप्पट बसतो. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना गिअरचा दांडा पुढे-मागे नाचतो का बघा. नाचला तर माउंटिंग बदला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत खालचा टॉर्क रॉडही.

थारवाल्यांसाठी एक. मोठे टायर टाकले की प्रत्येक गिअर ‘लांब’ होतो आणि गाडी खालच्या आरपीएमला रेटली जाते. मोठे टायर आणि रीमॅप एकत्र म्हणजे गिअरबॉक्सला दोन्हीकडून मार. त्यातलं एकच निवडा.

## ६. क्लच: हा तुमचा फ्यूज आहे

वीजमंडळाचा फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक आपण पाहिलेत. नंतर घरातली वायर जळते. जड क्लचचं तसंच आहे. कंपनीचा क्लच इंजिनाच्या टॉर्कपेक्षा थोडीच जास्त पकड ठेवतो. टॉर्क वाढला की आधी तो घसरतो आणि गिअरबॉक्स वाचतो. त्या जागी दगडासारखा क्लच बसवला तर फ्यूजचं काम गिअरबॉक्सकडे जातं, आणि हा फ्यूज फार महाग.

म्हणून १० ते १५ टक्क्यांच्या आतली वाढ असेल आणि क्लच निरोगी असेल, तर त्याला हात लावू नका. झिजत आला असेल तर कंपनीचाच नवीन टाका. वाढ त्याहून थोडी जास्त असेल तर साध्या ऑरगॅनिक प्लेटबरोबर जरा जास्त दाबाची प्रेशर प्लेट, बस. सिरॅमिक तुकड्यांची प्लेट आपल्या रस्त्यांना नको. ती एकतर धरते नाहीतर सोडते, मधलं काही नाही. आंबोलीच्या वळणावर पुढे एसटी थांबली आणि चढावर हाफ क्लचने गाडी उचलायची वेळ आली की प्रत्येक वेळी हातोडा मारल्यासारखा झटका थेट दातांवर जातो.

गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील बदलून घ्या. पुन्हा उतरवायची मजुरी या सामानापेक्षा जास्त आहे.

फ्लायव्हील साधं असेल तर लेथवर फेस मारून घ्या. ड्युअल मास (दोन तुकड्यांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं) असेल तर लेथवर नेऊ नका. ते हाताने फिरवून आणि हलवून त्याचा ढिलेपणा (प्ले) बघायचा असतो. इंजिन बंद करताना खडखड, उभ्या गाडीत इंजिन चालू असताना थरथर ही ते जात आल्याची लक्षणं. ते महाग आहे म्हणून काही जण साधं फ्लायव्हील बसवून देतात. डिझेल इंजिनाचे जे हिसके आधीचं फ्लायव्हील गिळत होतं ते मग सरळ इनपुट शाफ्टवर जातात. टॉर्क वाढवायचा आणि हिसके गिळणारा भाग काढायचा, हे दोन्ही एकत्र करू नका.

तपासा: नवीन क्लच बसल्यावर निदान ५०० ते ८०० किलोमीटर हलक्या पायाने, गिअर बदलत चालवा. तोवर रीमॅप नाही. प्लेट बसायच्या आत पूर्ण टॉर्क दिला तर ती भाजते, आणि भाजलेली प्लेट पुन्हा धरत नाही.

## ७. आता रीमॅप, आणि ट्यूनरला काय सांगायचं

‘जास्तीत जास्त’ म्हणू नका. तीन गोष्टी लिहून न्या. दुसऱ्या टप्प्यात काढलेली टॉर्कची हद्द. १८०० ते २००० आरपीएमच्या खाली टॉर्क मूळच्याइतकाच राहील आणि पुढे सावकाश चढेल, ही अट. आणि ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) सोय असेल तर पहिल्या दोन गिअरमध्ये टॉर्क मर्यादित. पहिल्या गिअरमध्ये चाकांपर्यंत पोचताना पीळ सर्वांत जास्त पट होतो, त्यामुळे तिथला वाढीव टॉर्क क्राउन-पिनियन आणि ॲक्सलच्या माथी जातो. वाढ हवी तर वरच्या आरपीएमला घ्या. पीएस तिथेही वाढतात आणि गिअरबॉक्सला त्रास कमी.

सावधान: वायरच्या मध्ये जोडायचे स्वस्त ट्यूनिंग बॉक्स घेऊ नका. ते रेल प्रेशर (इंधनाचा दाब) किंवा बूस्टचा (टर्बोच्या हवेचा दाब) खोटा आकडा ईसीयूला सांगतात. खरा टॉर्क किती तयार होतोय हे ईसीयूलाच माहीत नसतं, मग तो गिअरबॉक्ससाठी ठेवलेली मर्यादा पाळणार कशी?

डायनोवरचा (ताकद मोजायच्या मशिनवरचा) कागद मागा, आधीचा आणि नंतरचा, एकाच मशिनवरचा. चाकांवरचा आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे त्याची माहितीपत्रकाशी तुलना करू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटी गेली समजा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करायला मनाई करतं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्यात आडवा येतो. हे आधी वाचा, नंतर नको.

## ८. चालवायची सवय

गिअरबॉक्स किती टिकणार याचा निम्मा निकाल इथे लागतो.

चौथ्या-पाचव्यात २००० च्या खाली ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. करूळ घाटात गाडी दमली की एक गिअर खाली, मग पाय. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच पाच गिअरच्या गाड्यांत चौथा थेट असतो. इनपुट आणि आउटपुट शाफ्ट एकत्र बांधलेले, खालच्या शाफ्टवर भार नाही. पाचव्यात तो पुन्हा येतो. म्हणून भरलेल्या गाडीने लांबचा चढ असेल तर चौथा बरा.

एप्रिल-मेमध्ये देवगडच्या पेट्या किंवा चिरे भरून जाणाऱ्या गाडीला रीमॅप नकोच, असं माझं मत. वजन आणि वाढीव टॉर्क दोन्ही एकत्र सोसायला हा गिअरबॉक्स बनवलेला नाही.

चिखलात किंवा वाळूत रुतली तर पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स करत झुलवू नका. रिव्हर्सचा मधला गिअर बहुतेक गिअरबॉक्समध्ये सर्वांत नाजूक असतो, आणि गरगर फिरणाऱ्या चाकाला अचानक जांभा लागला की तो झटका त्याच्यावरच येतो. फळी टाका, दोर लावा.

आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसू नका. आतला फोर्क झिजतो.

## ९. हजार किलोमीटरनंतर

तिसऱ्या टप्प्यातल्या सगळ्या चाचण्या पुन्हा, त्याच चढावर. ऑइल पुन्हा काढा. होय, नवीन असलं तरी. चुंबकावरचा लेप आधीच्याशी ताडून बघायला जुन्या बोल्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलेला असू द्या.

लेप तितकाच असेल तर पुढचं ऑइल कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यात बदला. लेप वाढला किंवा सोनेरी चमक दिसली तर ट्यूनरकडे जाऊन खालच्या आरपीएमचा टॉर्क कमी करून घ्या आणि पाचशे किलोमीटरने पुन्हा बघा. कण टोचायला लागले तर गाडी मूळ मॅपवर आणा, गिअरबॉक्स उतरवा, आणि बेअरिंगवर भागतंय तोवर काम करून घ्या. एकदा दाताला कपचा गेला की पूर्ण सेट जातो, आणि तो सेट आपल्या भागात चटकन मिळत नाही. कोल्हापूरहून मागवावा लागतो, तोवर गाडी रॅम्पवर.